शिवारातील तंटा : मेंढपाळ, शेतकरी आणि निवाड्याची बैठक

दिवाळी आटोपली, ज्वारी-बाजरी खळ्यात आली की नंदुरबार, शहादा, तळोदा या तालुक्यांच्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. पुढे एक-दोन घोडी, घोडीच्या पाठीवर खाट, भांडी, कोंबड्या आणि एखादे लहान मूल; मागे कुत्री आणि काठी घेतलेला माणूस. अलीकडे घोडीच्या जागी पिकअप गाडीही असते. हे लोक बहुधा ठेलारी किंवा धनगर समाजाचे असतात. गीर गाईंचे कळप घेऊन फिरणारे काठेवाडी निराळे. एस.टी. दहा मिनिटे खोळंबते, प्रवासी कुरकुरतात, कळप निघून जातो. आपल्यापैकी बहुतेकांची या लोकांशी ओळख एवढीच असते. परंतु हाच कळप ज्या शिवारात मुक्कामाला उतरतो तेथे चारा, पाणी आणि जागा या तीन गोष्टींवरून कुरबूर सुरू होते, आणि कधीकधी ती काठ्या-कुऱ्हाडींपर्यंत जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय काही वाचकांना स्मरणिकेच्या परंपरेत थोडा वेगळा वाटेल. परंतु शेतकरी आणि पशुपालक यांच्यातील संघर्ष हा आज जगभर अभ्यासाचा विषय झालेला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष ‘गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष’ म्हणून जाहीर केले, ते उगीच नव्हे. शिवाय गायरान जमिनीचा प्रश्न आपल्या समाजाच्या घराघरांत पोचलेला आहे. म्हणून आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊन या प्रश्नाची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे. विद्यार्थी मित्रांना एक विनंती : वाचताना कोणाची बाजू बरोबर हे आधी ठरवू नये. आधी तंटा होतो कसा आणि तो सोडवायला कोण बसते, हे पाहावे.

पहिली गोष्ट ही की मेंढपाळ व शेतकरी हे मुळात वैरी नाहीत. उलट दोघांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. पावसाळ्यात मेंढी चिखलात टिकत नाही, तिचे खूर सडतात, म्हणून ती कमी पावसाच्या माळरानावर राहते. माळावरचे गवत संपत येते त्याच सुमारास तापीकाठच्या काळ्या जमिनीत खरिपाची काढणी होते. शेतात धसकटे, पाला, बांधावरचे गवत, बाभळीच्या शेंगा हे सारे पडलेले असते. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नसतो आणि मेंढीला तेच हवे असते. मेंढपाळ रात्री शेतात वाडा करतो. यालाच ‘मेंढ्या बसवणे’ म्हणतात. रात्रभरात लेंडी व मूत्र जमिनीत मुरते. खताची गाडी भरायला नको, पसरायला नको. त्याबद्दल पूर्वी शेतकरी धान्य देत असे, पुढे रोख पैसे देऊ लागला. किती मेंढ्या, किती रात्री, यावर बोली ठरते. ही बोली बांधावर उभ्याउभ्याच होते, तिचा कागद होत नाही.

या व्यवहाराला आजच्या शेतीशास्त्राचाही पाठिंबा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर कृषी विभाग आणि कापूस शास्त्रज्ञ सतत सांगत आले की फरदड घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, म्हणजे झाडावर राहिलेली हिरवी, किडकी बोंडे त्या खाऊन टाकतील आणि अळीची पुढची पिढी कमी होईल. ज्या जनावराला आपण काठी घेऊन हाकलतो तेच आपल्या कपाशीचे रक्षण करते, अशी ही गंमत आहे.

मग बिघडले कोठे? बिघाड वेळेचा आहे. पूर्वी खरीप निघाल्यावर बरीचशी जमीन पुढच्या पावसापर्यंत मोकळी असे. शिवार मोकळे झाले की कोणाचीही गुरे कोठेही चरत. आता विहिरी झाल्या, बोअर झाले, तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज झाले. शहाद्याकडे ऊस, केळी, पपई उभी असते. नंदुरबारकडे मिरचीचा तोडा लांबतो. रब्बीला गहू, हरभरा. म्हणजे एका शेतात धसकटे आणि शेजारच्या शेतात कोवळा हरभरा, मध्ये हातभर बांध. पाचशे मेंढ्यांना हा बांध कोणी समजवायचा? दिवसा मेंढपाळ सांभाळतो. पहाटे वाडा सुटला, दोघे जण झोपेत राहिले, की तासाभरात अर्धा एकर साफ होतो. तंट्याचे सर्वांत जास्त दिसणारे कारण हेच.

दुसरे कारण पाण्याचे. फेब्रुवारीनंतर नाले आटतात. गावच्या हातपंपावर आणि हाळावर गावची जनावरे आधी की पाहुण्यांची, यावर वाद होतो. येथे हेही सांगितले पाहिजे की पाण्यासाठी बहुधा वाड्यावरच्या स्त्रिया जातात, आणि शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. तिसरे कारण झाडपाल्याचे. बोर, बाभूळ, निंब यांच्या फांद्या मेंढपाळ आकडीने ओढतो. झाड बांधावरचे असले तर मालक चिडतो, जंगलातले असले तर वनरक्षक.

जंगलाचा विषय निघाला म्हणून थोडे मागे जावे लागेल. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने डोंगर आणि चराईची राने आपल्या ताब्यात घेतली. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने गोरगरिबांच्या शेरडा-मेंढरांची चरण्याची जागा हिरावून घेतल्याबद्दल सरकारला धारेवर धरले आहे. म्हणजे हा प्रश्न आजचा नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे हा गुन्हा ठरतो. पुढे जंगलाची जमीन धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीही लागली. सरदार सरोवरात बुडालेल्या गावांसाठी १९९० साली तळोदा तालुक्यात सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. विस्थापितांना जमीन मिळालीच पाहिजे होती, त्याबद्दल दुमत नाही. परंतु त्या रानात ज्यांची गुरे आजवर चरत होती, ती उद्या कोठे जाणार हा प्रश्न मागेच राहिला.

सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी म्हणजे बागायतदार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागातील भिल्ल किंवा पावरा शेतकऱ्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यातही काही ‘नेवाड’ म्हणजे जंगलात काढलेले शेत. त्याचे अर्धा एकर पीक गेले तर बाजारभावाने ती रक्कम लहान दिसेल, परंतु त्याच्या घरातील दोन-तीन महिन्यांचे धान्य गेलेले असते. दुसऱ्या बाजूला मेंढपाळाकडे पाचशे मेंढ्या दिसतात म्हणून तो श्रीमंत, असा समज असतो. त्या बहुधा तीन-चार कुटुंबांच्या मिळून असतात आणि एखादी साथ आली की आठवड्यात निम्म्या होतात. दोन गरिबांचा हा तंटा आहे. त्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळलेली धनगर समाजाची अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी आणि तिला आदिवासी संघटनांचा विरोध, यांचे राजकारण मिसळले की बांधावरची भाषा आणखी कडू होते.

आता कायदा पाहू. कायद्याचा अभ्यास कंटाळवाणा असतो, परंतु येथे त्यातच खरी मेख आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी सरकारी जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवू शकतात. हेच आपले गायरान. पुढचे कलम २३ असे की अशा जमिनीवर चराईचा हक्क ज्या गावची किंवा ज्या गावांसाठी ती नेमून दिली आहे त्याच गावच्या गुरांना राहील. वाचायला हे न्याय्य वाटते. परंतु ज्याचा वर्षातील आठ महिने मुक्काम हलता आहे, त्याचे गाव कोणते? जेथे त्याचे मतदार यादीत नाव आहे, तेथे तो पावसाळ्याचे चार महिने असतो. बाकीच्या आठ महिन्यांत तो ज्या पन्नास शिवारांतून जातो, त्यांपैकी एकाही गायरानावर त्याचा हक्क नाही.

गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ सालचा. पिकात शिरलेली गुरे शेतकऱ्याने धरावीत आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावीत, मालकाने दंड भरून सोडवावीत, असा त्याचा सरळ अर्थ. त्या कायद्याच्या व्याख्येत मेंढ्या आणि शेळ्याही येतात. गुरे बळाने सोडवून नेली तर शिक्षा आहे आणि विनाकारण धरली तर मालकाला भरपाईही मागता येते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा एका परीने बरा होता, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही ना काही उपाय ठेवलेला होता. परंतु आज किती गावांत कोंडवाडा चालू स्थितीत आहे? कोंडवाडा नाही म्हणून मेंढ्या कोणाच्या तरी खळ्यात डांबल्या जातात, भरपाईचा आकडा तोंडी ठरतो, आणि तो पिकाच्या नुकसानीवर ठरत नाही, तर मेंढपाळाकडून किती निघेल यावर ठरतो. एक-दोन मेंढ्या ‘ठेवून घेतल्या’ जातात. याला न्याय म्हणता येणार नाही. पण ज्याच्या शेतात रात्रीतून पीक गेले त्याच्याजवळ दुसरा उपाय काय, हेही विचारले पाहिजे.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचे तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत हा तिचा हेतू होता आणि अनेक गावांत त्याचा उपयोगही झाला. परंतु समिती गावची, सभासद गावचे. तंटा मात्र गाव आणि बाहेरचा यांच्यातला. ज्या बैठकीत एका पक्षाचे सर्व आणि दुसऱ्या पक्षाचा एकही माणूस नाही, त्या बैठकीने दिलेला निकाल कितीही प्रामाणिक असला तरी दुसरा पक्ष त्याला निकाल मानत नाही. तो त्याला दंड समजतो, भरतो आणि पुढच्या वर्षी रात्रीच्या वेळी त्या शिवारातून निघून जातो.

चांगल्या कामांतही हे घडते. १९९२ पासूनच्या आदर्श गाव योजनेच्या अटींत नशाबंदी, नसबंदी, श्रमदान, कुऱ्हाडबंदी यांच्या बरोबरीने चराईबंदीही आहे. हिवरे बाजारने चराईबंदी पाळली, गवत कापून आणायची सोय ठेवली आणि गावचा चारा वाढवला, हे सर्वश्रुत आहे. चराईबंदीला माझा विरोध नाही. उघडा बोडका डोंगर काही वर्षे बंद ठेवल्याशिवाय त्यावर गवत येत नाही. माझा मुद्दा एवढाच की डोंगर बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत होतो, तेव्हा त्या डोंगरावरून तीन पिढ्या जाणारा मेंढपाळ ग्रामसभेचा सभासद नसतो. फलक लागला की त्याला कळते. दोन वर्षे आधी त्याच्याशी बोलून पर्यायी वाट दिली असती तर कुंपण तुटले नसते.

या सगळ्यांत एकच कायदा असा आहे की ज्याने फिरत्या माणसाची दखल घेतली आहे. तो म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि भटक्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. नियम १२ असे सांगतो की पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्यांची पडताळणी ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशाच वेळी करावी. आणि दोन गावांच्या पारंपरिक हद्दींविषयी वाद असेल तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून विचार करावा. माझ्या मते या कायद्यातील हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य आहे. नंदुरबारमधील आदिवासी गावांनी या कायद्याखाली व्यक्तिगत व सामूहिक दावे मोठ्या प्रमाणावर केले, त्यासाठी मोर्चे काढले, पायी चालत गेले. मेंढपाळांचे हंगामी चराईचे दावे मात्र मागे पडले. कारण अनुसूचित जमातीबाहेरच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जो राहतच नाही, केवळ जातो-येतो, त्याने रहिवास कसा दाखवायचा?

गेली वीसएक वर्षे बँकेच्या काऊंटरवर बसत असल्याने या प्रश्नाची कागदी बाजू रोज डोळ्यांसमोर असते. पीककर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, राहण्याचा पुरावा लागतो. मेंढपाळाची सारी ठेव चार पायांवर चालत असते. २०१९ पासून पशुपालकांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते, आणि विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली आहे. राज्य सरकारच्या योजनेत भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबाला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदानही आहे. परंतु ही माहिती ज्याला द्यायची तो अर्ज भरायच्या वेळी कोठे असतो? हे थोडे विषयांतर झाले. तरी मुद्दा तोच आहे. कागदावर ज्याला पत्ता नाही, त्याला बैठकीत जागा नाही.

आता गायरानाविषयी. हा भाग आपल्या समाजबांधवांनी जरा थांबून वाचावा. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये खानदेश व मराठवाड्यात आणि पुढे १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही मागणी होती. त्या लढ्यातूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग मोकळा झाला. पूज्य बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाशी जोडलेली ही तारीख आहे. कित्येक घरांतील पहिली जमीन ही अशी आलेली आहे, आणि अनेकांच्या नावे ती अजूनही लागलेली नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. तो अपवाद प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. कारण गायरान वाचवा अशी हाक उठते तेव्हा पहिला पंजा बड्या अतिक्रमकावर न पडता दोन एकरवाल्यावर पडतो.

आणि येथेच मेंढपाळ व गायरान कसणारा एकमेकांसमोर उभे राहतात. गावातले प्रतिष्ठित लोक मेंढपाळाला सांगतात, ‘तुमची चराई या लोकांनी खाल्ली.’ कसणाऱ्याला सांगतात, ‘तुझे पीक या फिरस्त्यांनी खाल्ले.’ दोन्ही वाक्यांत थोडे सत्य आहे, म्हणून ती अधिक विषारी आहेत. गायरानाच्या मोठ्या भागावर प्रत्यक्षात कोणाचा ताबा आहे, हे सातबाऱ्यावर आणि मोजणीच्या नकाशावर पाहिले तर बोलणारेच पुष्कळदा गप्प बसतील.

एकतर्फी बंदोबस्ताचा परिणाम काय होतो हे शहादा तालुक्याने एकदा पाहिलेले आहे. हरितक्रांतीच्या काळात तेथील बागायतदारांनी पीक संरक्षण संस्था काढल्या, रखवालदार नेमले. पिकाचे रक्षण हा हेतू कोणालाही मान्य होईल. परंतु फिर्यादी, पोलीस आणि न्यायाधीश ही तिन्ही कामे एकाच पक्षाच्या हाती गेली. रखवालदारांचा वापर आदिवासी मजुरांवरच दहशत बसवण्यासाठी होतो, ही त्या काळच्या चळवळीची एक मुख्य तक्रार होती. १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भू-मुक्ती परिषद भरली. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांचे नाव राज्यभर गेले. आज मेंढपाळांविरुद्ध ‘गावाने रखवालदार नेमावा’ अशी सूचना सहज केली जाते. ती करणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचावा.

आता एका जुन्या तंट्याकडे वळतो, कारण तो नेमका शेतीच्या पाण्याचा तंटा होता. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिचे पाणी शेतीला घेत. पाली अट्ठकथेत असे येते की जेठ महिन्यात पाणी कमी झाले, दोन्हीकडचे मजूर आधी कोणी पाणी घ्यायचे यावरून भांडले, मग एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला, आणि पाहता पाहता दोन सैन्ये समोरासमोर आली. तथागत तेथे गेले आणि त्यांनी विचारले, भांडण कशाचे आहे? राजांना सांगता येईना. सेनापतीला विचारले, त्यालाही ठाऊक नाही. असे खाली खाली विचारत गेल्यावर शेवटी दास-मजुरांनी सांगितले : पाण्याचे. मला ही कथा फार मोलाची वाटते. भांडणाचे खरे कारण वरच्यांना माहीत नव्हते, ते बांधावर राबणाऱ्यालाच ठाऊक होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. सेनापतीने युद्धाचा ठराव आणला तेव्हा सिद्धार्थाने शाक्य संघात पर्याय सुचवला. आपण आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलियांना त्यांची दोन निवडायला सांगावे, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव हरला आणि सिद्धार्थाला परिव्रज्या घ्यावी लागली. पुढे दोन्ही पक्षांत समेट होऊन पाण्याच्या वादासाठी कायमचे लवाद मंडळ नेमण्याची गोष्ट पुढे आली, असेही त्या ग्रंथात आहे. परीक्षेसाठी आपण ही गोष्ट पाठ करतो, पण त्यातील अंकगणिताकडे कोणी पाहत नाही. दोन, दोन आणि एक. बहुमतवाल्याला जास्त जागा नाहीत, आणि पाचवा माणूसही चौघांनी मिळून निवडलेला.

असली व्यवस्था आजच्या काळात चालेल काय? चालते. आफ्रिकेतील नायजर या कोरड्या देशात १९९३ च्या ग्रामीण संहितेने जमीन आयोग नेमण्याची तरतूद केली, आणि त्यांत शेतकऱ्यांबरोबर पशुपालकांचेही प्रतिनिधी असतात. तेथे दरवर्षी पीक निघाल्यावर ‘शेते मोकळी’ झाल्याची तारीख अधिकृतपणे जाहीर होते. त्या तारखेच्या आधी कळप शेतात येत नाहीत. नंतर येतात, आणि तेव्हा कोणी अडवीत नाही. म्हणून काही तेथील सगळे तंटे संपलेले नाहीत. परंतु शेजारच्या नायजेरियाकडे पाहावे. बेन्वे राज्याने २०१७ मध्ये उघड्या चराईवर कायद्याने बंदीच घातली. तंटा आधीपासूनच पेटलेला होता, पण बंदीने तो विझला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेथे मारल्या गेलेल्या सत्तरांवर माणसांचे सामुदायिक दफन करावे लागले.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर आपला बहुतांश भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे ग्रामसभेला आपली साधनसंपत्ती सांभाळण्याचे अधिकार आहेत. ती अशी पाच जणांची बैठक बोलावू शकते, त्यासाठी वरून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. बैठकीत काय ठरावे? सर्वांत आधी तारीख : कोणत्या शिवाराचा कोणता भाग कधी मोकळा होणार. मग वाट. कळप नाल्याच्या कडेने जाणार की गाडीवाटेने, आणि ती वाट नकाशावर तलाठ्यासमक्ष दाखवलेली असावी. पाण्याची पाळी, म्हणजे गावची जनावरे सकाळी आणि पाहुण्यांची दुपारी, असे काही तरी. नुकसान झाल्यास चोवीस तासांत दोन्ही बाजूंच्या एकेकाने शेत पाहून अंदाज लिहायचा. आकडा पिकाच्या वाढीवर आणि क्षेत्रावर ठरेल, कळपाच्या आकारावर नव्हे. मेंढ्या बसवण्याचा दर मात्र शेतकरी व मेंढपाळ यांच्यावर सोडावा, त्यात पंचांनी पडू नये. तो व्यवहार ते आपल्यापेक्षा चांगला जाणतात.

हे सर्व एका वहीत लिहावे आणि तिची एक प्रत वाड्याच्या कारभाऱ्याजवळ द्यावी. आपल्या तरुणांनी हे लिहिण्याचे काम करायला हरकत नाही. गावोगावी पदवीधर मुले आहेत आणि यासाठी पगारी माणूस लागत नाही. याच वह्या पुढे पाच-दहा वर्षांनी हंगामी चराईच्या दाव्याला पुरावा म्हणूनही दाखवता येतील. आज मेंढपाळाजवळ तोच नाही.

बैठकीची वेळही महत्त्वाची आहे. पीक खाल्ल्यावर घेतलेली बैठक ही पंचायत असते, ठरावाची बैठक नसते. ती कळप परत फिरण्याआधी, होळीच्या सुमारास, पुढच्या वर्षासाठी घ्यावी. तेव्हा दोन्ही बाजू जागेवर असतात आणि त्या वर्षाचा अनुभव ताजा असतो. पाचवा माणूस सरपंच नसावा, कारण तो गावच्या मतांवर निवडून आलेला असतो, वनरक्षकही नसावा. गुरांचे डॉक्टर, निवृत्त शिक्षक किंवा शेजारच्या गावचा दोघांनाही मान्य असलेला शेतकरी चालेल. आणि मेंढपाळांच्या दोघांपैकी एक स्त्री असावी. दिवसभर पुरुष कळपामागे रानात असतो. वाड्यावर राहणारी, हातपंपावर जाणारी, अंगणात येऊन धान्याचा भाव ठरवणारी तीच असते, आणि कोणत्या गावात कोणी पाणी दिले, कोणी नाही, हे नावनिशीवार तिलाच माहीत असते.